लोते न बोलावता आली, असं मी लिहिलं

एप्रिलमधल्या एका बुधवारी आमच्या मागच्या अंगणातल्या ट्रॅम्पोलिनवरून पडून शेजारच्या लोतेचा हात मोडला. माझ्या बायकोला, मृदुलाला, जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते.

मी घरातच होतो. बुधवारी इथल्या डच शाळा दुपारी लवकर सुटतात, म्हणून त्या दिवशी मी घरून काम करतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप होता, कानांवर हेडफोन होते आणि मीटिंगमध्ये माझीच बोलायची पाळी चालली होती. त्या टेबलासमोरच खिडकी आहे आणि खिडकीतून ट्रॅम्पोलिन दिसतं. मी लॅपटॉपकडे बघत होतो.

लोते आणि माझी मुलगी मृण्मयी, दोघी नऊ वर्षांच्या, एकाच वर्गातल्या. दोघी एकदम उड्या मारत होत्या. भोवतीच्या जाळीची चेन उघडी होती. आदल्या दिवशी आत पडलेली पानं मी झाडून काढली होती आणि चेन लावायला विसरलो होतो. लोते त्या उघड्या जागेतून बाहेर फेकली गेली आणि फरशीवर पडली. मनगटाच्या जरा वर हाड मोडलं.

मृण्मयी माझ्याकडे आली नाही. ती मागच्या गल्लीतून हन्नेकेकडे पळाली. हन्नेके म्हणजे लोतेची आई, आमच्यापासून दोन घरं सोडून राहते. ती अंगणात येऊन लोतेजवळ गुडघ्यावर बसली तेव्हा मला खिडकीतून ती दिसली आणि काही तरी झालंय हे कळलं.

मी धावत बाहेर गेलो. लोते पांढरी पडली होती, पण रडत नव्हती. हन्नेके म्हणाली, "मुलांचं होतं असं, विश्वास. मी गाडी काढते. तू मृण्मयीजवळ थांब, ती घाबरली आहे."

त्या दोघी दवाखान्यात गेल्या. मी आत येऊन मीटिंग बंद केली.

ट्रॅम्पोलिन मृदुलाने आणलं होतं, मृण्मयी सहा वर्षांची झाली तेव्हा. मी विरोधात होतो. माझं कामच तसं आहे. यंत्राचा कुठला भाग कधी आणि कसा बिघडेल याचा आधी अंदाज बांधायचा आणि त्याचा तक्ता करायचा, याचा मला पगार मिळतो. तसा तक्ता मी घरासाठीही केला. स्प्रिंगमध्ये पाय अडकणे, जाळी फाटणे, भिंत जवळ असणे, वादळात उडून शेजारच्याच्या काचेवर जाणे, दोन मुलं एकदम असणे. मृदुलाने तो उभ्या उभ्या वाचला.

"मांजर राहिलं," ती म्हणाली.

"कुठलं मांजर?"

"कुणाचं तरी. चढेल, घाबरेल, वकील करेल."

"मस्करी नको. कुणाचं मूल पडलं तर जबाबदारी आपली असते."

"मग मी बसेन की बाहेर. एक माणूस बसलं की तुझ्या तक्त्यातलं अर्धं संपलं."

आणि ती बसायचीच. मुलं उड्या मारत असायची आणि ती पायरीवर मेथी निवडत असायची, नाही तर फोनवर पुण्याला बोलत असायची, पण नजर तिकडे. एका वेळी एकच, हा तिचा नियम होता आणि सगळी मुलं तो पाळत. मागच्या गल्लीकडचं फाटक ती उघडं ठेवायची. लोतेला तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की इथे विचारायचं नाही, सरळ यायचं. इथले लोक मुलांच्या खेळण्याच्याही वेळा ठरवतात, तारीख घेतात. मृदुलाला ते कधी जमलं नाही. हळूहळू गल्लीतल्या बाकीच्यांनाही तिच्या बाबतीत तिचीच पद्धत बरी वाटायला लागली. साडेपाचला जेवायची वेळ झाली की मुलं आपापल्या घरी पांगत.

मग ती आजारी पडली. अकरा महिने. त्या काळात दर बुधवारी मृण्मयी हन्नेकेकडे असायची. शाळेतून हन्नेकेच दोघींना आणायची. मला कधी विचारावं लागलं नाही.

मृदुला गेल्यावरही मुलं येत राहिली. पायरीवर कोणी नव्हतं, एवढंच. मला ते दिसत होतं. पुढच्या आठवड्यापासून आपण बाहेर बसू, असं मी बरेच आठवडे म्हणत होतो.

आपल्याकडे दुसऱ्याचं मूल आपल्या घरी पडलं तर आपण त्याच्या घरी जातो. काही करून नेतो, नाही तर हात हलवत जातो, पण जातो. मृदुला तासाभरात शिऱ्याचा डबा घेऊन गेली असती. मी संध्याकाळी फोनवर निरोप पाठवला, लोते कशी आहे? हन्नेकेने हिरव्या प्लास्टरचा फोटो पाठवला आणि लिहिलं, सहा आठवडे. मी लिहिलं, सॉरी. आणि तेवढ्यावर थांबलो. दोन घरं सोडून जाऊन काय बोलायचं, ते मला सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संजीवचा फोन आला. संजीव माझा पुण्यापासूनचा मित्र, आयंडहोव्हनला राहतो. बोलता बोलता मी सांगितलं.

"प्लास्टर? लेका, आधी इन्शुरन्सला कळव."

"तिने काही मागितलेलं नाही रे."

"आज नाही मागितलं. उद्या हाड वाकडं जुळलं तर? मग वकिलाचं पत्र येईल आणि कंपनी विचारेल, वेळेत का नाही कळवलं. इथे सगळं कागदावर चालतं. आणि तुझ्या नागरिकत्वाच्या अर्जाची फाइल अजून आत आहे ना?"

"त्याचा याच्याशी काय संबंध?"

"नसेल. पण असला तर?"

ऑफिसमध्ये कुणी मला असं काही विचारलं असतं तर मी पुरावा मागितला असता. त्या दिवशी नाही मागितला. इथे बारा वर्षं काढली तरी जाड पाकिटातलं पत्र आलं की मी ते लगेच उघडत नाही. राहण्याचा परवाना, त्याचं नूतनीकरण, पुन्हा परवाना, असंच आमचं चाललं होतं. अशी पाकिटं मृदुला उघडायची.

आपल्यामुळे किंवा आपल्या घरी दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर ते भरून देणारा एक विमा इथे बहुतेक सगळ्यांकडे असतो. आमचाही होता, मृदुलाच्या नावावर, कारण घरचे सगळे कागद तीच बघायची. नगरपालिका, बँक, शाळा, सगळीकडे मी ती गेल्याचं कळवलं होतं. या कंपनीला कळवायचं राहिलं होतं. राहिलं होतं म्हणजे विसरलो होतो असं नाही. त्यांच्या वेबसाइटवर आत गेलं की वर मोठ्या अक्षरात येतं, 'नमस्कार मृदुला'. काही काम नसताना दोन-तीन वेळा मी ते पान उघडलं होतं.

अपघात कळवायचा फॉर्म मोठा नव्हता. संजीव फोनवर होताच.

"थोडक्यात लिही. खोटं लिहू नको, पण आपल्या गळ्यात येईल असंही लिहू नको."

एक प्रश्न होता, मुलीला खेळायची परवानगी कोणी दिली होती? दुसरा, मुलांवर लक्ष कोण ठेवत होतं? मी लिहिलं की मुलगी मागच्या फाटकातून, न बोलावता, आपणहून आत आली. तिच्यासोबत तिचे पालक नव्हते. मी घरात कामात होतो. चेनबद्दल कुणी विचारलं नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. वाक्यं तीन, आणि एकही खोटं म्हणता येणार नाही असं. संजीव म्हणाला, "झकास. आता झोप निवांत."

दहा दिवसांनी आमच्या पुढच्या दाराची बेल वाजली. हन्नेके होती. इतक्या वर्षांत ती कधी पुढच्या दाराने आली नव्हती. हातात पत्र होतं.

ती माझ्याशी डच बोलते, सावकाश. मला समजतं. मी उत्तर इंग्रजीत देतो.

"हे तू लिहिलंस?"

मी पत्र वाचलं. कंपनीने तिच्याकडे तिची बाजू मागितली होती. वर लिहिलं होतं की आमच्या ग्राहकाच्या सांगण्याप्रमाणे तुमची मुलगी त्यांच्या आवारात न बोलावता आली होती आणि तिच्यासोबत पालक नव्हते.

"ही कंपनीची भाषा आहे," मी म्हणालो.

"मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, शब्द तुमच्या शेजाऱ्यांचे आहेत."

मी पत्र परत तिच्या हातात दिलं.

"न बोलावता?" तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "तीन वर्षं ती त्या फाटकातून येते. मृदुलाने तिला सांगितलं होतं, विचारू नकोस, ये. मृदुला दवाखान्यात होती तेव्हा मृण्मयी माझ्याकडे यायची. मी तिला आमंत्रण पाठवत होते?"

"नाही."

"मी तुझ्याकडे काही मागितलं?"

"नाही."

"मग हे कशासाठी?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.  पत्राची घडी घालून ती म्हणाली, "ठीक आहे. आता लोते बोलावल्यावर येईल."

त्या बुधवारी लोते आली नाही. पुढच्या बुधवारी मी मृण्मयीला म्हटलं, बोलाव तिला. तिने बोलावलं. लोतेला जमणार नव्हतं. त्याच्या पुढच्या बुधवारीही नव्हतं, त्याच्याही पुढच्या नव्हतं. बाकीची दोन-तीन मुलं लोतेबरोबर यायची, तीही थांबली. मृण्मयीने एकटीने उड्या मारून पाहिल्या. मग तेही बंद केलं आणि सोफ्यावर टॅबलेट घेऊन बसायला लागली. शाळेत काय झालं विचारलं की 'काही नाही' म्हणायची. पूर्वी हे प्रश्न तिला मृदुला विचारायची आणि उत्तर ऐकता ऐकता कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरायची.

हे सगळं मी केलं होतं, पण मला राग त्या वस्तूचा आला. एका शनिवारी सकाळी मी पान्हे काढले आणि ट्रॅम्पोलिन खोलायला घेतलं. कडेची गादी काढली. स्प्रिंग आकड्याने ओढून एकेक सोडवायला लागलो. वीसेक निघाल्या असतील, तेवढ्यात मृण्मयी बाहेर आली. पायात नुसते मोजे होते.

"काय करतोस?"

"काढून टाकतोय. धोक्याचं आहे हे."

"म्हणून लोते येत नाही?"

हो म्हणालो असतो तर तिथेच संपलं असतं. तोंडात आलंही होतं.

"नाही," मी म्हणालो. "ती माझ्यामुळे येत नाही. मी विम्याच्या कागदावर लिहिलं की ती न बोलावता आली होती. तो कागद तिच्या घरी गेला."

मृण्मयी माझं मराठी ऐकते आणि उत्तर डचमध्ये देते. "पण ते खोटं आहे," ती म्हणाली.

"अगदी खोटं नाही. त्या दिवशी कुणी—"

"आईने बोलावलं होतं."

"हो."

"मग का लिहिलंस?"

"त्यांनी विचारलं होतं, मुलांवर लक्ष कोण ठेवत होतं. मला भीती वाटली."

तिने जरा विचार केला. कठीण गणित घातलं की करते तसा चेहरा केला. मग म्हणाली, आणि हे तिने मराठीत म्हटलं, मोडक्या, "तू लिहायचं ना. आई बघत होती. आता आई नाहीये."

 माझ्या उत्तराची वाट न बघता ती खाली बसली आणि सुट्या स्प्रिंगा गोळा करून माझ्या पायाशी आणून ठेवायला लागली, परत लावायला. लावताना जास्त जोर लागतो. दुपारपर्यंत लावत होतो.

सोमवारी मी विमा कंपनीला फोन केला. एक बाई बोलत होत्या, आवाजावरून तरुण.

"पॉलिसी कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्या पत्नीच्या. ती वारली. गेल्या वर्षी फेब्रुवारीत."

 इथे म्हणतात तसं त्या दुःखात सहभागी आहे म्हणाल्या. हे शब्द मी तोवर खूप वेळा ऐकले होते, पण या कंपनीकडून पहिल्यांदा ऐकले.

"आमच्याकडे तशी नोंद दिसत नाही."

"मी कळवलं नव्हतं. आणि मी दिलेला जबाब मला बदलायचा आहे."

मी नवीन जबाब वाचून दाखवला. तो आदल्या दिवशी डचमध्ये लिहून मृण्मयीकडून तपासून घेतला होता. त्यात असं होतं की लोतेला आमच्या अंगणात यायची कायमची परवानगी होती, ती माझ्या पत्नीने दिली होती आणि मी ती कधी काढून घेतली नव्हती. मुलांवर लक्ष माझी पत्नी ठेवायची. ती आता नाही. तिच्या जागी मी बसायला हवं होतं, मी बसलो नाही. जाळीची चेन मी उघडी ठेवली होती.

त्या बाई बराच वेळ टाइप करत होत्या. मग म्हणाल्या, "हे लिहून दिल्यावर चूक तुमची धरली जाऊ शकते, हे तुम्हाला माहीत आहे ना? आणि निधनाची नोंद उशिरा झाल्यामुळे या घटनेला संरक्षण मिळेल की नाही, ते मला आत्ता सांगता येणार नाही. पुढे त्या कुटुंबाने काही मागितलं तर कदाचित तुम्हाला स्वतः द्यावं लागेल."

"माहीत आहे."

"तरी नोंदवू?"

"नोंदवा."

"मग घरातली माणसं आता..." त्यांनी वाक्य माझ्यासाठी सोडलं.

"दोन."

"ठीक. पुढच्या महिन्यापासून तुमचा हप्ता थोडा कमी होईल." त्यांना ते सांगावंच लागत असणार. सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला. मी थँक्यू म्हणालो. दुसऱ्या दिवशी ते पान उघडलं तर 'नमस्कार'च्या पुढे माझं नाव होतं. त्यानंतर मी ते पान उघडलेलं नाही.

फोन केला त्याच सोमवारी संध्याकाळी जबाबाची प्रत घेऊन मी हन्नेकेकडे गेलो. तिने दारातच वाचली. दोनदा वाचली असावी, कारण वेळ लागला.

"हे तू त्यांना लिहिलंस," ती म्हणाली. "मला काय सांगायचंय?"

येताना मी चार वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही आठवेना.

"मी त्याच दिवशी यायला हवं होतं."

"हो."

"अशा ठिकाणी नेहमी मृदुला जायची. मी कधी गेलो नव्हतो. मला येतच नाही ते."

हन्नेके दाराच्या चौकटीला टेकली. "पडल्याचं लोतेला काही नव्हतं, विश्वास. प्लास्टरवर सगळ्या वर्गाच्या सह्या घेतल्या तिने. पण ते पत्र टेबलावर होतं आणि तिने ते वाचलं. आठवडाभर विचारत होती, मृण्मयीच्या बाबांना मी आवडत नाही का?"

हे मी माझ्या कुठल्याच तक्त्यात धरलं नव्हतं.

तिने आत वळून हाक मारली. लोते जिन्यावरून खाली आली. प्लास्टर निघालं होतं. तो हात दुसऱ्यापेक्षा बारीक दिसत होता आणि ती तो पोटाशी धरून होती. मी माझ्या डचमध्ये, चुकत चुकत, म्हणालो, "लोते, मी चुकीचं लिहिलं. तू आमच्याकडे न बोलावता कधीच आली नाहीस. मी ते बदललं आहे. मला माफ कर."

तिने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मी ट्रॅम्पोलिनवर येणार नाही," ती म्हणाली.

"नको येऊस."

"मृण्मयी इथे येऊ शकते. बुधवारी नाही. बुधवारी मी आता वर्गातल्या नूरकडे जाते." जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून म्हणाली, "शुक्रवारी."

"मी सांगतो तिला."

ती वर गेली. बुधवार गेला तो गेला, हे मला कळलं. मृण्मयीला घरी जाऊन ते सांगायचं होतं, आणि शुक्रवार मिळाला हे आधी सांगायचं की बुधवार गेला हे आधी, याचा मी विचार करत होतो. निघायला वळलो.

"कॉफी घेणार?" हन्नेकेने विचारलं.

आठ वर्षं शेजारी राहून मी त्या घराच्या आत कधी गेलो नव्हतो. मृदुला मात्र तासन्तास तिथे जाऊन बसायची. स्वयंपाकघर आमच्याएवढंच होतं, फक्त उलट्या बाजूला. टेबलाला चार खुर्च्या होत्या.

"मृदुला कुठे बसायची?"

तिने खिडकीजवळची खुर्ची दाखवली. मी तिच्या समोरच्या खुर्चीत बसलो.

"काय बोलायची ती इथे बसून? एवढा वेळ?"

"तक्रारी करायची," हन्नेके म्हणाली. "तुझ्या."

मला हसू आलं. पंधरा-सोळा महिन्यांत तिच्याबद्दल माझ्याशी सगळे चांगलंच बोलले होते, हळू आवाजात.

"कुठल्या तक्रारी?"

"खूप आहेत."

"सांग ना. मृण्मयी क्लासहून सहाला येते, तोवर वेळ आहे."

हन्नेकेने कॉफीचे दोन कप टेबलावर ठेवले, बिस्किटांचा डबा उघडून माझ्यापुढे सरकवला आणि पहिल्या तक्रारीपासून सुरुवात केली.